छत्री निवडतांना



गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानशी सभा भरली होती. अध्यक्ष आमचे नातू, वय वर्षें तेरा. सभासद चिरंजीव, सूनबाई व मी. सभेपुढें प्रश्न एकच होता: गच्चीवरची छत्री बदलावी कीं न बदलावी, आणि बदलावी तर कोणत्या कंपनीची घ्यावी? नातवाचें म्हणणें असें, "आजोबा, मॅच एच्. डी. मध्यें दिसली पाहिजे, आणि मी शाळेंत असलों तर ती आपोआप रेकॉर्ड झाली पाहिजे." सूनबाईंस मराठी वाहिन्या स्वच्छ हव्या होत्या, चिरंजीवांस दरमहाचा खर्च आटोक्यांत हवा होता. माझें मत विचारण्यांत आलें तेव्हां मीं आठ दिवसांची मुदत मागून घेतली. छत्तीस वर्षें मुलांस शिकविलें. कोणत्याहि गोष्टीचा निर्णय करण्यापूर्वीं तिची पूर्वपीठिका पाहावी, ही खोड आतां जावयाची नाहीं. त्या आठ दिवसांत जें वाचलें, आणि जें पूर्वींपासून डोळ्यांदेखत घडत आलें, तेंच आज आपणांपुढें मांडीत आहें.

प्रथम ही छत्री पाहते तरी कोठें, तें समजून घेऊं. १९४५ सालच्या ऑक्टोबर महिन्यांत आर्थर सी. क्लार्क ह्या इंग्रज लेखकानें 'वायरलेस वर्ल्ड' ह्या मासिकांत एक लेख लिहिला. विषुववृत्ताच्या वर सुमारें ३५,८०० किलोमीटर उंचीवर एखादी वस्तु फिरत ठेविली, तर ती पृथ्वीच्या परिवलनाच्याच वेगानें फिरेल आणि खालून पाहणारास जागच्या जागीं स्थिर दिसेल. अशीं तीन ठाणीं असलीं तर बहुतेक साऱ्या पृथ्वीवर संदेश पोंचवितां येईल, असा त्याचा हिशेब होता. त्या वेळीं मनुष्यानें एकहि उपग्रह सोडलेला नव्हता. आज आपण छत्री एकदां रोखून घट्ट बसवितों आणि पुन्हां तिच्याकडे पाहातहि नाहीं, तें ह्या हिशेबामुळेंच.

भारतांत ह्या युक्तीचा पहिला मोठा प्रयोग श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत झाला नाहीं, हें ध्यानांत घेण्याजोगें आहे. दिल्लींत १५ सप्टेंबर १९५९ रोजीं चित्रवाणीचा आरंभ झाला. मुंबईस २ ऑक्टोबर १९७२ रोजीं केंद्र निघालें. आणि पुढच्या वर्षीं सिंहगडावरील प्रक्षेपकामुळें पुण्यांत चित्रें दिसूं लागलीं. पुण्यास माझ्या मामांच्या वाड्यांत एकच संच होता. संध्याकाळीं तो ओटीवर आणून ठेवीत आणि सारा वाडा चौकांत बसून पाही. परंतु असे मनोरे खेडोपाडीं उभारीत जावयाचें तर अनेक वर्षें गेलीं असतीं. म्हणून डॉ. विक्रम साराभाई ह्यांनीं आकाशांतूनच थेट खेड्यांत चित्र उतरविण्याची कल्पना उचलून धरिली. ते १९७१ सालीं निवर्तले; तथापि १ ऑगस्ट १९७५ पासून ३१ जुलै १९७६ पर्यंत, बरोबर एक वर्ष, अमेरिकेच्या एटीएस-६ ह्या उपग्रहावरून आंध्र प्रदेश, बिहार, कर्नाटक, मध्य प्रदेश, ओरिसा व राजस्थान ह्या सहा राज्यांतील सुमारें २,४०० खेड्यांस शेती, आरोग्य व शिक्षण ह्या विषयांवरील कार्यक्रम दाखविण्यांत आले. खेड्यांत बसविलेली छत्री दहा फूट रुंदीची आणि कोंबड्यांच्या खुराड्यास लावतात तसल्या तारेच्या जाळीची होती. वर्ष संपलें, उपग्रह अमेरिकेनें परत नेला, आणि त्याबरोबर ते कार्यक्रमहि गेले. छत्री गांवांत राहिली, पण वरची वस्तु उसनी होती. हा धडा पुढेंहि उपयोगी पडणार आहे.

भारतानें आपले स्वतःचे उपग्रह मागविले. त्यांतील पहिला, इन्सॅट-१ए, एप्रिल १९८२ मध्यें वर गेला आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत निकामी झाला. दुसरा, इन्सॅट-१बी, ऑगस्ट १९८३ मध्यें अमेरिकेच्या चॅलेंजर यानांतून सोडण्यांत आला, आणि त्याच्या बळावर दिल्लीचा कार्यक्रम देशभर दिसूं लागला. मध्यंतरीं १९८२ सालीं रंग आले व आशियाई क्रीडास्पर्धा आल्या. त्या काळांत निवडीचा प्रश्नच नव्हता. संच कोणता घ्यावा ह्यावर वाद होत. कार्यक्रम कोणाचा पाहावा ह्यावर होत नसत, कारण वाहिनी एकच होती.

त्याच सुमारास घरांत दुसरी एक वस्तु शिरली. १९७५ सालीं सोनी कंपनीनें बीटामॅक्स व १९७६ सालीं जे. व्ही. सी. कंपनीनें व्ही. एच्. एस्. ह्या पद्धतीचीं यंत्रें बाजारांत आणिलीं होतीं. आपल्याकडे १९८० नंतर तीं दिसूं लागलीं. पुष्कळांनीं व्ही. सी. आर. विकत घेतला नाहीं; गणपतींत किंवा लग्नकार्यांत एका रात्रीपुरता भाड्यानें आणिला. तथापि ह्या यंत्रानें एक नवीन अधिकार दिला. जें पडद्यावरून क्षणांत निघून जाई, तें फितीवर धरून कपाटांत ठेवितां येऊं लागलें. अमेरिकेंत चित्रपट काढणाऱ्यांनीं ह्याविरुद्ध फिर्याद केली. १७ जानेवारी १९८४ रोजीं तेथील सर्वोच्च न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं निर्णय दिला कीं, घरीं सोयीच्या वेळीं पाहतां यावें म्हणून कार्यक्रम उतरवून घेणें हा गुन्हा नव्हे. एका न्यायाधीशाचें मत पलीकडे गेलें असतें, तर ह्या यंत्राचा इतिहास कदाचित् निराळा झाला असता. १९८८ सालीं आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाची एक कॅसेट केली होती. ती आजहि माझ्या कपाटांत आहे. तिच्यावर बुरशी आली होती. एका दुकानदारानें ती पुसून तिच्यावरील चित्र संगणकावर उतरवून दिलें. आवाज घोगरा येतो, पण मुलें ओळखूं येतात.

१९९१ साल उजाडलें तें आखाती युद्धाच्या चित्रांसह. मोठ्या हॉटेलांतून सी. एन्. एन्. वर युद्ध दिसूं लागलें, आणि त्याच वर्षीं हाँगकाँगहून स्टार टी. व्ही. च्या वाहिन्या सुरू झाल्या. त्या ज्या एशियासॅट-१ ह्या उपग्रहावरून येत, त्याची कथा मोठी गमतीची आहे. हा उपग्रह मुळांत वेस्टार-६ ह्या नांवानें १९८४ सालीं सोडला होता. तो चुकीच्या कक्षेंत अडकला, तेव्हां डिस्कव्हरी यानांतील अंतराळवीरांनीं त्याच वर्षीं त्यास पकडून खालीं आणिलें. पुढें दुरुस्त होऊन तो विकला गेला, आणि एप्रिल १९९० मध्यें चिनी अग्निबाणावरून पुन्हां वर चढला. अशा ह्या दुरुस्त केलेल्या उपग्रहानें आपल्या देशांतील संध्याकाळ बदलून टाकिली. गल्लींतल्या केबलवाल्यानें इमारतीवर मोठी थोरली छत्री बसविली, आणि तेथून वायरी या गच्चीवरून त्या गच्चीवर टाकीत घरोघरीं नेल्या. २ ऑक्टोबर १९९२ रोजीं झी वाहिनी निघाली. १९९९ सालीं त्याच संस्थेची अल्फा ही मराठी वाहिनी आली. वाहिन्या वाढल्या, पण छत्री केबलवाल्याची होती, आणि तो जें देईल तें पाहावयाचें.

आतां ज्या घटनेकडे मी आपलें विशेष लक्ष वेधूं इच्छितों, ती ९ फेब्रुवारी १९९५ ची. १९९३ सालच्या हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून केंद्र सरकार आणि बंगालची क्रिकेट संस्था ह्यांच्यांत वाद झाला व तो सर्वोच्च न्यायालयांत गेला. निर्णय देणाऱ्या न्यायाधीशांत, मुंबई उच्च न्यायालयांतून तेथें गेलेले न्यायमूर्ति पी. बी. सावंत हे होते. न्यायालयानें सांगितलें कीं, आकाशांतील लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे; तिचा वापर लोकांच्या हितासाठीं झाला पाहिजे, आणि तिच्यावर सरकारची काय किंवा खासगी धनिकांची काय, मक्तेदारी असतां कामा नये. घरांत छत्रीचा वाद चालला असतां ह्या वाक्यांचें स्मरण ठेवावें असें मला वाटतें. आपण कंपनीस पैसे देतों ते सेवेचे. ज्या लहरींवर ती सेवा चालते, त्या मूळच्या आपल्या सर्वांच्याच आहेत.

परंतु निर्णयानंतर लगेच दारें उघडलीं नाहींत. छोट्या छत्रीवर थेट घरांत चित्र आणण्याची सेवा सुरू करण्याची तयारी स्टार कंपनीनें चालविली होती. जुलै १९९७ मध्यें केंद्र सरकारनें तशा सेवेस बंदी केली. ती बंदी नोव्हेंबर २००० मध्यें उठली आणि मार्च २००१ मध्यें नियम जाहीर झाले. परकीय भांडवल एकंदर ४९ टक्क्यांपर्यंत, आणि वाहिन्या किंवा केबल चालविणाऱ्या कंपन्यांचा हिस्सा २० टक्क्यांपर्यंत, अशा मर्यादा त्या वेळीं घालण्यांत आल्या. त्यानंतर ऑक्टोबर २००३ मध्यें डिश टी. व्ही., डिसेंबर २००४ मध्यें दूरदर्शनची विनामूल्य सेवा, ऑगस्ट २००६ मध्यें टाटा स्काय, आणि पुढें सन डायरेक्ट, बिग टी. व्ही., एअरटेल व २००९ सालीं व्हिडिओकॉन, अशी रांग लागली. एका वाहिनीच्या देशांत सहा खासगी कंपन्या दारांत उभ्या राहिल्या. ह्यांपैकीं बिग टी. व्ही. बंद पडली, व्हिडिओकॉनची सेवा २०१८ सालीं डिश टी. व्ही. मध्यें विलीन झाली, आणि टाटा स्कायनें २०२२ सालीं टाटा प्ले हें नांव घेतलें. आज मासिक वर्गणी घेणाऱ्या कंपन्या चारच आहेत, आणि इंटरनेटमुळें त्यांचे ग्राहकहि घटत चालले आहेत.

कंपनी निवडणें म्हणजे आकाशांतील एक बिंदु निवडणें, ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीं. टाटाची छत्री ८३ अंश पूर्व रेखांशावरील उपग्रहाकडे रोखलेली असते, डिश टी. व्ही. ची ९५ अंशांकडे, सन डायरेक्ट व दूरदर्शन ह्यांची साडेत्र्याण्णव अंशांकडे, तर एअरटेलची १०८ अंशांच्या जवळ. महाराष्ट्रांतून पाहतां हे सारे बिंदु आग्नेयेच्या बाजूस येतात; परंतु एक दक्षिणेस जवळ, तर दुसरा पूर्वेकडे बराच कललेला. त्या बाजूस शेजाऱ्यांची उंच इमारत किंवा आंब्याचें झाड असेल, तर एका कंपनीचें चित्र येईल आणि दुसरीचें येणार नाहीं. शिवाय उपग्रहहि आजारी पडतात. जुलै २०१० मध्यें इन्सॅट-४बी ह्या उपग्रहाची वीज कमी पडून त्याचीं निम्मीं उपकरणें बंद करावीं लागलीं, आणि सन डायरेक्टच्या ग्राहकांचे संच त्याबरोबर बंद पडले. पावसाचेंहि असेंच आहे. छोट्या छत्रीच्या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटरच्या आसपास असते. मुसळधार पावसाचे थेंब त्यांस गिळून टाकितात. आषाढांत मालिका मधेंच गोठली, तर तो कंपनीचाच दोष असतो असें नाहीं. छत्री किंचित् हललेली असली तर मात्र हा त्रास दुपटीनें वाढतो.

आतां एच्. डी. कडे वळूं. ह्या स्वच्छ चित्राचा अभ्यास जपानच्या एन्. एच्. के. ह्या संस्थेनें १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर आरंभिला. आपल्याकडे २०१० सालीं छत्रीवाल्या कंपन्यांनीं ही सेवा आणिली, आणि त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांतील दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा एच्. डी. मध्यें दाखविण्यांत आल्या. मराठी वाहिन्यांस हें रूप मिळण्यास २०१६ साल उजाडावें लागलें. गणित साधें आहे. जुन्या चित्रांत आडवे ७२० व उभे ५७६, म्हणजे एकंदर ४,१४,७२० ठिपके, एच्. डी. चित्रांत आडवे १,९२० व उभे १,०८०, म्हणजे २०,७३,६०० ठिपके. बरोबर पांचपट! परंतु पांचपट ठिपक्यांस उपग्रहावर जागाहि अधिक लागते, आणि ती जागा कंपनी भाड्यानें घेते. जागा अपुरी असली कीं चित्र दाबून बसवावें लागतें, आणि मग फलंदाजानें चेंडू टोलवितांच मैदानावरील गवत पुसट होतें. म्हणून 'आमच्याकडे इतक्या एच्. डी. वाहिन्या' ह्या जाहिरातीवर न जातां, ज्याच्या घरीं ती छत्री आहे त्याच्याकडे चालू सामना दहा मिनिटें पाहावा. आणखी एक घरगुती सूचना: पेटीपासून संचापर्यंत पिवळी-तांबडी-पांढरी अशी जुनी वायर असेल तर एच्. डी. चे पैसे व्यर्थ जातात, त्यास एच्. डी. एम्. आय. वायरच लागते. आमच्या शेजारीं दीड वर्ष असेंच चाललें होतें.

राहिला रेकॉर्डिंगचा प्रश्न. अमेरिकेंत १९९९ सालीं टिवो नांवाची पेटी निघाली. फितीच्या जागीं तिच्यांत संगणकाची चकती होती. आपल्याकडे २००८ सालीं टाटा स्कायनें तशी पेटी आणिली आणि इतरांनींहि पुढें सोयी दिल्या. एक वाहिनी पाहत असतां दुसरी उतरवून घ्यावयाची, तर जुन्या रीतीच्या पेट्यांस छत्रीपासून दोन वायरी आणाव्या लागत. सोय उत्तम. कॅसेट बदलणें नाहीं, घड्याळ लावून बसणें नाहीं. मींहि तशी एक पेटी घेतली होती.

माझे थोरले बंधु भजन उत्तम म्हणत. २०१३ सालीं त्यांच्या भजनी मंडळाचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम एका मराठी वाहिनीवर झाला. आम्हीं तो पेटींत उतरवून ठेविला. दादा आले कीं स्वतःचेंच गाणें ऐकून हंसत आणि म्हणत, "अरे, हा म्हातारा कोण?" २०१७ सालीं ते गेले. दोन वर्षांनीं, खेळाच्या वाहिन्या स्वस्त पडतील म्हणून, आम्हीं कंपनी बदलली. नव्या कंपनीचा मुलगा आला, त्यानें छत्री फिरविली, नवी पेटी लाविली. जुन्या कंपनीचा मुलगा आला आणि आपली पेटी घेऊन गेला. पेटी भाड्याची होती. करारांत बारीक अक्षरांत तसें लिहिलें होतें. रात्रीं जेवणें झाल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, भाऊजींचें भजन लावा ना." तेव्हां सर्वांच्या ध्यानांत आलें. दुसऱ्या दिवशीं जुन्या कंपनीस फोन केला. पलीकडील मुलगी सभ्यपणें म्हणाली कीं, पेटी आली कीं चकती पुसली जाते. आणि न पुसली तरी तें चित्र दुसऱ्या पेटींत उमटलें नसतें, कारण कुलूप त्याच पेटीचें असतें. तिचा कांहीं दोष नव्हता. दोष असलाच तर माझा; मीं पेटी घेतांना चित्र किती स्वच्छ दिसतें एवढेंच विचारिलें होतें.

येथें इतिहासाचा उपयोग होतो. १९७५ च्या खेड्यांत छत्री होती, पण उपग्रह उसना होता. १९८८ ची कॅसेट घोगरी होती, पण माझी होती. २०१३ चें चित्र निर्मळ होतें, पण तें ज्या पेटींत होतें ती दुसऱ्याची होती. ह्या साऱ्या काळांत चित्र सुधारत गेलें आणि निवड वाढत गेली. मात्र घरांत उतरलेल्या गोष्टीवरील घरधन्याचा ताबा तितका वाढला नाहीं, उलट सैल झाला. २००१ च्या नियमांतच असें होतें कीं, एका कंपनीची पेटी दुसरीच्या सेवेस चालावी. व्यवहारांत कंपनी बदलली कीं पेटी बदलते, हा माझ्याप्रमाणें आपणांपैकीं अनेकांचा अनुभव असेल. फेब्रुवारी २०१९ पासून प्रत्येक वाहिनीची किंमत वेगळी सांगावी व ग्राहकानें हवी तीच घ्यावी, असा दंडक नियामक मंडळानें घातला, हें चांगलें झालें. त्या हिशेबांत एक एच्. डी. वाहिनी दोन साध्या वाहिन्यांबरोबर धरण्यांत आली. आपण किंमत निवडूं लागलों. आठवणीचें काय, हें कोणत्याहि दरपत्रकांत लिहिलेलें नसतें. इंटरनेटवर मागील भाग पाहण्याची सोय आहे. परंतु तेथेंहि वाहिनीनें भाग काढून घेतला कीं आपण पाहतच राहतों.

तेव्हां आठ दिवसांनंतर मीं घरच्या सभेपुढें पांच प्रश्न मांडले. आमच्या गच्चीवरून आग्नेयेचा कोणता भाग मोकळा आहे? आम्ही खरोखर पाहतों त्या वाहिन्यांपैकीं किती एच्. डी. रूपांत मिळतात, आणि त्यांचा एकंदर आकार किती? चालू सामन्यांत चित्र कसें दिसतें? पेटी विकत कीं भाड्यानें? आणि कंपनी सोडली तर उतरविलेल्या कार्यक्रमांचें काय? नातवानें कंपन्यांस फोन केले. पहिल्या चार प्रश्नांचीं उत्तरें भरभर आलीं. पांचव्यास सर्वांचें उत्तर एकच आलें. मग आम्हीं ठरविलें कीं, सामन्यासाठीं आणि मालिकांसाठीं जी स्वस्त व स्वच्छ ती छत्री घ्यावी. सामना आठ दिवसांत शिळा होतो, तो पेटींत राहिला काय आणि गेला काय! परंतु जें आयुष्यभर ठेवावयाचें आहे, तें दुसऱ्याच्या पेटींत ठेवूं नये. आपल्या माणसांचीं चित्रें व आवाज आपणच घ्यावे, आणि दोन ठिकाणीं जपून ठेवावे.

सभा संपल्यावर नातू माझ्याजवळ आला. "आजोबा, मग मोठ्या आजोबांचें भजन आतां कुठेंच नाहीं का?" मीं म्हटलें, "त्यांनीं शिकविलेला एक अभंग मला येतो." त्यानें मोबाईल माझ्यासमोर धरला. माझा गळा दादांसारखा नाहीं, आणि दुसऱ्या कडव्यास श्वास तुटला. तरी त्यानें मधेंच थांबविलें नाहीं. तें रेकॉर्डिंग आतां आमच्या घरीं आहे.